पहिला हार साहेबाचा

काळ्या पावाचा बर्गर मी आयुष्यात एकदाच खाल्ला आणि तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, हे आधीच कबूल करतो. पुढं मी जे वाईटसाईट लिहिणार आहे ते उपाशी राहिलेल्या माणसाचं आहे, असं कुणी समजू नये. उपाशी राहिले ते दुसरेच.

लोधिवली मागं टाकून खालापूरच्या दिशेनं निघालं की जुन्या हायवेला लागून ते हॉटेल आहे. सगळी काच. मुंबईहून फार्महाउसवर जाणारी माणसं तिथं थांबतात. शहर सुटल्याचं त्यांना दुःख होऊ नये म्हणून थोडं शहर इथं आणून ठेवलंय. आतल्या भिंतींना गिलावा नाही. मला वाटलं, गवंडी काम सोडून पळाला असेल; तर तीच सजावट निघाली. छतावरून वायरी आणि उघडे बल्ब लोंबतात. आमच्या स्टोअरमध्ये असेच बल्ब लोंबत होते तेव्हा इन्स्पेक्टरनं कंपनीला नोटीस दिली होती. इथं त्याच बल्बांखाली माणसं आपले फोटो काढतात.

मी रसायनीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअरचा कारकून. गाव कर्जतच्या बाजूला. अशा हॉटेलात माझं काही काम नसतं. पण मागच्या मे महिन्यात कंपनीनं आम्हाला तिथं जेवायला नेलं, कारण आमचा बॉयलरवाला निवृत्त होत होता.

त्याला अख्खा प्लांट दादा म्हणायचा. मीही दादाच म्हणायचो, आणि तो मला भाऊ म्हणायचा. चौतीस वर्षं तो बॉयलरवर होता. आमची मैत्री डब्यापुरती, पण रोजची. दुपारी बॉयलर हाउसच्या मागं, जिथं सावली आणि आवाज दोन्ही भरपूर, तिथं आम्ही डबे सोडायचो. त्याची तांदळाची भाकरी, माझी पोळी. आवाजामुळं बोलणं फारसं होत नसे. मैत्री इतकी टिकली ती बहुधा त्यामुळंच.

आमच्या भागात कंपनीतून माणूस निवृत्त होतो तेव्हा तो एकटा होत नाही. शेवटच्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या सुमारास गेटवर टेंपो येऊन उभा राहतो. टेंपोला केळीचे खांब, पुढं बॅनर, बॅनरवर त्या माणसाचा गॉगलमधला फोटो. मागं बेंजो पार्टी. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. आत कँटीनला जेवण होतं, भाषणं होतात, आणि मग मोठा साहेब स्वतः त्या माणसाला गेटपर्यंत घेऊन येतो आणि सगळ्या भावकीच्या डोळ्यांदेखत त्याला हार घालतो. पहिला हार साहेबाचा. तो पडल्याशिवाय घरचा हार पडत नाही, ओवाळणी होत नाही, बेंजो वाजत नाही. कंपनीनं माणूस आपल्या हातानं सोडला पाहिजे, मगच घरच्यांनी तो घ्यायचा. हा नियम कुठं लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो कुणी मोडत नाही. एक फिटर हार न घेता रागानं निघून गेला होता. त्याला अजूनही गावात ‘काढलेला’ म्हणतात.

मला या सोहळ्यांचा वीट होता. साहेब नावाचा माणूस कागदात बघून ‘कंपनी हे एक कुटुंब आहे’ म्हणायचा, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून त्याला मनात गुण द्यायचो. पस्तीसच्या वर कुणी गेला नाही.

मग कंपनीचे मालक बदलले. नव्यांनी गेटवरची गर्दी सुरक्षिततेच्या कारणानं बंद केली, आणि निरोप समारंभाऐवजी बाहेर ‘टीम लंच’ द्यायचं ठरवलं. साहेब सोडून बारा माणसं. त्यात घरची दोन. इंग्रजी मेल आला, तो एचआरच्या मॅडमनी मला दिला आणि दादाला समजावून सांगायला सांगितलं. मी बॉयलर हाउसच्या मागं डबा खाताना त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडून सांगितलं.

“हाटेलात?” तो म्हणाला. “साहेब येनार?”

“येणार असं लिहिलंय.”

“मंग झालं. म्हातारीनं गेटसुदीक कदी बघितलं नाय. एकदा साहेबाच्या हातनं हार पडताना बघंल. बाकी आपल्याला काय पायजे?” मग थोडा विचार करून म्हणाला, “जास्त मानसं नाय सांगत. घरटी एक.”

मी मान डोलावली. इथंच चूक झाली, आणि ती आमच्या दोघांची. बारा हा आकडा त्यानं ऐकला होता, पण तो टेबलावर साहेबाशेजारी बसणाऱ्यांचा, असं त्यानं धरलं. दारात आलेल्या माणसाला ‘तुमचं पान मोजलेलं नाही’ असं सांगता येतं, हे त्याच्या डोक्यातच येणार नव्हतं. आणि मी, चार पुस्तकं वाचलेला माणूस, मलाही ‘घरटी एक’ ऐकताना खटकलं नाही. एका उंबऱ्याचा एक माणूस. याहून हात आखडून बोलावणं आमच्याकडं नसतंच.

ठरल्या दिवशी साडेबाराला आम्ही दहाजण कंपनीच्या गाडीतून त्या काचेच्या हॉटेलात पोचलो. दादानं नवा पांढरा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा अजून तशाच. आम्ही बसतो न बसतो तोच बाहेर पार्किंगमध्ये टेंपो वळला. केळीचे खांब, बॅनर, मागं आणखी दोन रिक्षा. तीसेक माणसं उतरली. सुरक्षारक्षक हात आडवे करून धावला. एचआरच्या मॅडम काचेजवळ गेल्या.

“दादा, हे सगळे कोण?”

“घरचं.”

“सगळे?”

“घरटी एकच हाय मॅडम,” दादा समजुतीनं म्हणाला.

हॉटेलच्या मॅनेजरनं येऊन अदबीनं यादी वाचली. ऑर्डर दिल्याशिवाय बसणं अलाउड नाही, वाद्य अलाउड नाही, गुलाल तर अजिबात अलाउड नाही. मॅडम बिचाऱ्या पंचवीस-सव्वीसच्या. त्यांनी दोनदा फोन लावला, पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “दोघांना आत घेऊ शकतो,” त्या म्हणाल्या. “आई आणि वहिनी.”

दादा बाहेर गेला. दार उघडं असल्यानं म्हातारीचं उत्तर आम्हाला आत ऐकू आलं.

“मानसं उनात आन मी गारव्यात? मला काय धाड भरलीय का? तू जा. सायेब आला, हार घालाय भायेर घेऊन आला की हाक मार. मंग बसू समदी जेवाया.”

“आत्या, आता एक वाजंल,” कुणीतरी म्हणालं.

“गप गं. कंपनीचं जेवान हाय. येळ लागतोच.”

दादाची बायकोही सासूला सोडून आत आली नाही. दादा एकटाच परतला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जेवण मात्र बाराजणांचं आधीच सांगून ठेवलेलं. ते बाराजणांचंच आलं.

आता जेवणाविषयी. आधी प्रत्येकाला काळे रबरी हातमोजे देण्यात आले. आमच्याकडं ॲसिड लाइनवरच्या लोकांना असले मोजे मागून मिळत नाहीत. इथं चिकन खायला मिळाले. पाठोपाठ लाकडाच्या फळीवर एकेक बर्गर आला. पाव काळाकुट्ट, वरून सुरा खुपसलेला, जणू तो मेल्याची खात्री करून आणलाय. पाव काळा का, असं मी ऑर्डर घेणाऱ्या मुलीला विचारलं. ती पाठ केल्यासारखं म्हणाली, “ॲक्टिव्हेटेड चारकोल, सर.”

“म्हंजी कोळसा?” दादानं मला विचारलं.

“कोळसाच.”

“भाऊ, चौतीस वर्सं मी कोळसा बॉयलरला घातला. पोटात कुनी घाला म्हनलं नाय.”

सत्कारमूर्तीसाठी खास बर्गर होता. तो काचेच्या झाकणाखाली आला आणि झाकणात पांढरा धूर कोंडलेला. मुलीनं झाकण उचललं, धूर टेबलभर पसरला, आमच्यातल्या दोघांनी मोबाइल काढले. दादानं त्या धुराकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं. “लाकूड ओलं होतं,” तो म्हणाला. “माझ्या चिमनीतनं असा धूर निघाला असता तर साहेबानं मेमो दिला असता.”

तळलेले बटाटे पत्र्याच्या डब्यात आले. हँडल असलेला, उभट, पांढऱ्या मुलाम्याचा, निळ्या काठाचा डबा. आमच्या पिढीतल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. तसला डबा घेऊन आमच्या लहानपणी माणसं पहाटे ओढ्याकडं जायची, आणि ती बटाटे आणायला जात नसत. टेबलावरच्या जुन्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. बटाटे फक्त मॅडमनी खाल्ले.

बर्गर तोंडात मावेल अशा मापाचा केलेलाच नव्हता. जबडा कितीही उघडला तरी अर्धा घास हनुवटीवरून खाली. पिवळा सॉस मोज्यांवरून मनगटापर्यंत ओघळत होता. पावाला चव नव्हती, मांसाला साखरेची होती, आणि पिवळ्या सॉसला तर आमच्या स्टोअरमधल्या तिसऱ्या रॅकचा वास. आजूबाजूला चांगल्या घरची माणसं तोंडं वासून, मोजे चाटून, डोळे मिटून खात होती. एका टेबलावर कुत्रा खुर्चीवर बसवला होता आणि त्याच्यासाठी वेगळी वाटी आली होती. काचेच्या पलीकडं, टेंपोच्या चार हात सावलीत दादाची आई डांबरावर पिशवी अंथरून बसलेली. बाकीचे तिच्याभोवती उभे, सावली सरकेल तसे सरकत होते. दोघी बायका पदरानं आरतीच्या ताटातली फुलं झाकत होत्या. सगळ्यांचं तोंड आमच्याकडं. काच इतकी स्वच्छ की आमचा एकेक घास त्यांना दिसत असणार.

दादानं मोजे घातलेच नाहीत. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. मी खाल्लं. समोर आलं होतं, सगळे खात होते, आणि टाकायचं नाही असं लहानपणापासून शिकवलेलं. संस्कार कुठं उपयोगी पडतील सांगता येत नाही.

दीडच्या सुमारास मॅडमना मेसेज आला. मोठे साहेब येऊ शकत नव्हते, व्हिडिओवर येणार होते. मॅडमनी आपला मोबाइल सॉसच्या बाटलीला टेकवून दादासमोर उभा केला. साहेबांचा चेहरा आला. मागं समुद्राचं चित्र होतं. खरा समुद्रही असेल. साहेब इंग्रजीत बोलू लागले. प्रवास हा शब्द चारदा आला, पॅशन दोनदा. दादा मोबाइलला हात जोडून बसला होता. मध्येच नेटवर्क गेलं आणि साहेब उघड्या तोंडानं थिजले. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जीभ दिसत होती. बाटलीवरून सॉसचा एक थेंब घरंगळत त्यांच्या कपाळावर आला. मॅडमनी तो टिश्यूनं पुसला, तरी साहेब हलले नाहीत.

मग कंपनीची भेट देण्यात आली. कंपनीचं चिन्ह छापलेला कप, एक इंग्रजी प्रमाणपत्र आणि कुंडीतलं रोपटं. ज्याच्या परसात दोनशे झाडं आहेत त्याला रोपटं. शाल नव्हती, नारळ नव्हता.

“मॅडम,” दादा उठून म्हणाला, “हार?”

“हार?” त्या गोंधळल्या. “आता फुलं वगैरे आपण बंद केलीत ना, दादा.”

“हार आमच्याकडं हाय. फकस्त घालायचा. भायेर येऊन. तुमी घाला.”

“मी?” त्यांचे डोळे भरून आले, हे मला त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. “दादा, तुम्ही माझ्या बाबांच्या वयाचे. मी कशी घालू? आणि मला साहेब कोण समजेल?” एवढं बोलून त्या मोबाइल घेऊन कोपऱ्यात गेल्या, साहेब पुन्हा लागतात का बघायला.

तेवढ्यात दादाचा चुलतभाऊ दारात येऊन डोकावला. भावकीत एक असा असतोच.

“काय रं, येतोय का तुजा सायेब? का मोबाइलातच ऱ्हातो?”

“आला,” दादा म्हणाला. “हात धुतोय.”

चुलतभाऊ गेला. दादा माझ्याकडं वळला. माझा शर्ट पांढरा होता, खिशाला पेन, नाकावर चष्मा. त्यानं हे सगळं एकदा वरून खाली पाहिलं.

“भाऊ, तुमाला आमच्यात कोन वळखत नाय ना?”

“नाही. का?”

“हात धुवा आन चला. साहेब व्हा.”

मी नाही म्हणालो. तीनदा म्हणालो. त्यानं विनवणी केली नाही. फक्त काचेतून बाहेर पाहिलं. म्हातारी उभी राहिली होती. चुलतभावानं निरोप पोचवला असणार. ती लुगडं झटकून, केसांवरून हात फिरवून तयार होत होती.

दादानं बायकोला खुणेनं दाराशी बोलावलं, कंपनीच्या भेटीची रिकामी पिशवी तिच्या हाती दिली आणि घरच्या हारांपैकी सगळ्यात मोठा हार तिच्यातून आत आणवला. तोच हार मी कंपनीचा म्हणून हातात घेऊन बाहेर पडलो. उन्हात शेवंती मलूल झाली होती. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. कुणीतरी म्हणालं, “सायेब आलं, सायेब.” मी चष्मा सारखा केला. डांबर इतकं तापलं होतं की बुटातून चटका बसत होता.

मी हार घातला. टाळ्या झाल्या. मग सगळे माझ्याकडं बघत थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की आता साहेब बोलतो.

इतकी वर्षं शेवटच्या रांगेत बसून ज्यांना पस्तीसच्या आत गुण दिले ती सगळी वाक्यं माझ्या तोंडून एकामागं एक बाहेर पडली. कंपनी हे एक कुटुंब आहे. त्यांची उणीव आम्हाला सदैव भासेल. आवाजही तसाच निघाला, नाकातला, थोडा थकलेला. मला वाटत होतं हे सगळं जमायला खुर्ची लागते. काही लागत नाही.

म्हातारी पुढं आली. तोंडात एकही दात नाही, पण नजर पक्की.

“सायेब, पोरानं काम बरं केलं ना?”

या प्रश्नाला साठवणीतलं वाक्य सापडेना. मी म्हणालो, “आजी, बॉयलर म्हणजे बाँबच असतो. चौतीस वर्षं तुमच्या मुलानं तो फुटू दिला नाही. आम्ही सगळे जिवंत आहोत ते म्हणून.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि वाकली. मला उमगायच्या आत तिची बोटं माझ्या बुटांना लागली होती. ऐंशीच्या पुढची बाई. मागं सरायला जागा नव्हती, मागं टेंपो होता. माझ्या मनगटाला अजून त्या पिवळ्या सॉसचा वास येत होता.

बेंजो वाजला. रक्षक धावून येईपर्यंत गुलाल उडून गेला होता. जेवणाचं काय, असं चुलतभावानं विचारलंच. दादा म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, जेवान रईवारी घरी. मटनाचं.” लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी साहेबासारखी मान हलवली. दोन वाजता तीस उपाशी माणसं नाचत टेंपोत चढली. आत दोन रिकाम्या खुर्च्यांपुढचे काळे बर्गर तसेच पडले होते. ऑर्डर घेणारी पोरगी ते उचलून कचऱ्यात टाकत होती.

रविवारी मी जाणार नव्हतो. बाराला दादाचा फोन आला.

“भाऊ, या. म्हातारी तुमच्यासाठी थांबलीय, जेवत नाय.”

“कारकून म्हणून येऊ का?”

“पांढरा शर्ट घाला,” तो म्हणाला.

मांडवात पंगत बसली होती. जमिनीवर दोन लांब रांगा, पत्रावळी, हसणं, आरडाओरडा. माझ्यासाठी टोकाला एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर धुतलेली चादर. शेजारी दुसरी खुर्ची नव्हती. दादा रांगेत बसला असता तर मी खाली त्याच्याजवळ जाऊन बसलो असतो, पण तो बसलाच नव्हता. खांद्यावर पंचा टाकून, पातेलं घेऊन तो माझ्या टेबलाशी उभा होता. म्हातारी पलीकडून कौतुकानं बघत होती, आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं.

मी तांदळाची भाकरी मोडली. तीच भाकरी, जिचा अर्धा वाटा चौतीस वर्षांत मी कितीदा त्याच्या डब्यातून न विचारता उचलला होता.

“साहेब, रस्सा?” त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं न बघता ताट पुढं केलं.